जमिनीचा वापर नक्की कोणती पातळी ठरवते? तीन कार्यालयं फिरले, तिन्हीकडे एकच उत्तर

पायवाट

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण नियोजनाच्या कामात ज्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावा.

आमच्या घरांमागे एक सखल माळ आहे. जोराचा पाऊस झाला की तिथे गुडघाभर पाणी साठतं आणि आठ-दहा दिवसांत मुरून जातं. नव्या आराखड्यात त्या माळावर पिवळा रंग आलाय, म्हणजे निवासी वापर, आणि कडेने रस्त्याची जाड रेघ. हरकती मागवल्या तेव्हा मी मनापासून तयारी केली. चार पावसाळ्यांचे फोटो, पाणी कुठल्या दिवशी कुठवर चढलं त्याच्या नोंदी, ३१ घरांच्या सह्या.

सुनावणीत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वस्ती या बाजूला वाढणार हे प्रादेशिक आराखड्यात आधीच ठरलंय. आम्ही फक्त त्यानुसार रंग भरला." म्हणून प्रादेशिक कार्यालय गाठलं. तिथले म्हणाले, "आम्ही फक्त वाढीची दिशा दाखवतो. कुठला तुकडा निवासी आणि कुठला मोकळा, हे स्थानिक संस्था ठरवते. आणि रस्त्याचं आम्हाला विचारू नका, तो वरून आलाय." वर विचारलं. उत्तर आलं, "आम्ही फक्त दोन टोकं ठरवली. मधला मार्ग खालच्यांशी बोलून निघतो."

तीन कार्यालयं आणि तिन्हीकडे "आम्ही फक्त". कोणी उद्धट बोललं नाही, कोणी खोटं बोलतंय असंही वाटलं नाही. खोटं असतं तर निदान कुणाशी भांडायचं ते तरी कळलं असतं.

मला समजून घ्यायचंय ते एवढंच: हा अधिकार असा पातळ्यांवर वाटून का ठेवतात? एकाच पातळीकडे का देत नाहीत? माझं मत विचाराल तर जे तिथे राहतात त्यांनीच ठरवावं. पाणी कुठे साठतं हे आमच्याइतकं कुणाला माहीत असणार? दुसऱ्या कुठल्या देशात याची नीट घडी बसली असेल तर तेही सांगा.

तिसरी_खिडकी

पायवाट, तुमच्या तिन्ही अधिकाऱ्यांनी खरं तेच सांगितलं असणार. मी नियोजन कार्यालयात २६ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ हरकती स्वीकारायच्या खिडकीवर. तुम्ही केलीत तशी तयारी करून येणारी माणसं मी रोज पाहिली आहेत. त्यामुळे हे उत्तर घाईत उरकणार नाही.

'जमिनीचा वापर' हा एक निर्णय नसतोच. तुमच्या माळाच्या त्या तुकड्यावर किमान चार निर्णय एकावर एक बसलेले आहेत. या भागात वस्ती वाढू द्यायची का, हा पहिला. वाढली तर कुठल्या बाजूला, आणि तिला पाणी, रस्ता, सांडपाणी कुठून, हा दुसरा. या तुकड्यावर घरं की दुकानं, किती उंच, किती जागा मोकळी, हा तिसरा. आणि अमुक एकाने आज नकाशे घेऊन परवानगी मागितली तर ती द्यायची का, हा चौथा. पहिला निर्णय सहसा वरच्या पातळीवर होतो आणि चौथा अगदी खाली. मधल्या दोघांवरून जगभर ओढाताण चालते. लोकांना निर्णय दिसतो तो मात्र चौथ्या पायरीवर किंवा फार तर तिसऱ्या, कारण त्यांचा भूखंड नकाशावर ओळखू येतो तो तिथेच. तोवर पहिले दोन निर्णय होऊन काही वर्षं उलटलेली असतात.

वाटून का ठेवतात, तर प्रत्येक निर्णयाचा भार वेगळ्या माणसांवर पडतो म्हणून. शेजारची इमारत तुमचं ऊन अडवणार असेल तर ते तुम्हाला आणि तुमच्या गल्लीला सोसायचंय. नदीकाठ बांधून टाकला तर सोसतो तो खालच्या अंगाचा गाव, आणि त्या गावाला तुमच्या स्थानिक निवडणुकीत मत नसतं. सुपीक जमीन गेली तर अजून जन्मालाही न आलेल्यांची जाते. निर्णय घेणाऱ्याला मत देणारी माणसं आणि निर्णयाची झळ बसणारी माणसं शक्य तितकी एकच असावीत, यासाठी ही सगळी खटपट. ती कुठेच पूर्ण साधलेली नाही.

अमेरिकेत संघराज्याकडे जमीन वापराचा सर्वसाधारण कायदाच नाही. अधिकार राज्यांचा, आणि राज्यांनी तो शहरं, गावं, परगण्यांना देऊन टाकला. १९१६ मध्ये न्यूयॉर्कने संपूर्ण शहरासाठी वापराचे विभाग पाडले. १९२० च्या दशकात हर्बर्ट हूव्हर वाणिज्य मंत्री होते, तेव्हा त्यांच्या खात्याने एक नमुना कायदा छापून राज्यांपुढे ठेवला आणि बहुतेक राज्यांनी तो थोड्याफार फरकाने उचलला. १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड नावाच्या छोट्या गावाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि गावाला असे विभाग पाडता येतात यावर शिक्कामोर्तब झालं. या निकालातली एक गोष्ट मी प्रशिक्षणाला आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला वाचायला लावायची. गावाच्या बाजूने निकाल देतानाच न्यायमूर्ती सदरलँड यांनी नोंदवून ठेवलं होतं, की कधी व्यापक लोकहित गावाच्या हितापेक्षा इतकं मोठं असेल की गावाला त्याच्या आड येऊ दिलं जाणार नाही. म्हणजे स्थानिक अधिकाराला मान्यता आणि त्याची मर्यादा एकाच निकालात.

ब्रिटनने १९४७ मध्ये वेगळाच रस्ता धरला. त्या वर्षीच्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने जमीन मालकाकडेच ठेवली, पण ती विकसित करायचा हक्क काढून घेतला. बांधायचं असेल तर स्थानिक प्राधिकरणाची परवानगी हवी. परवानगी नाकारली तर अपील मात्र थेट मंत्र्याकडे, आणि एखादं महत्त्वाचं प्रकरण मंत्री स्वतःहून आपल्याकडे मागवूनही घेऊ शकतो. वरून पाहिलं तर हा स्थानिक कारभार. प्रत्यक्षात प्रत्येक नगरसेवक परवानगी नाकारताना मनात हिशोब करतो, की अपिलात हे टिकेल का. अधिकार कुणाकडे आहे हे कायद्याच्या पहिल्या पानावर शोधू नका. अपील कुणाकडे जातं ते शोधा.

जर्मनीची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. तिथे आराखडा करायचा हक्क गावाचा, कारण राज्यघटनेच्या २८व्या कलमात स्थानिक संस्थांना आपला कारभार आपण पाहायची हमी आहे. मात्र गावाने आपला आराखडा प्रादेशिक उद्दिष्टांशी जुळवून घ्यायचा, हे बंधनही आहे. आणि नियोजनाच्या कायद्यातच एक तत्त्व लिहिलंय ज्याचा अर्थ 'उलटसुलट प्रवाह' असा होतो: भागाने संपूर्णाशी जुळवून घ्यावं आणि संपूर्णाने भागाच्या परिस्थितीची दखल घ्यावी. तुमच्या बाबतीत दुसरा प्रवाह तुटला. तुमचे फोटो खाली पोहोचले, पण प्रादेशिक आराखडा परत उघडून पाहायला लावील अशी वाटच त्यांना नव्हती.

स्वित्झर्लंडबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या "राहणाऱ्यांनीच ठरवावं" या मताची तिथे खरीखुरी परीक्षा झाली. तिथला १९७९ चा कायदा म्हणतो: तत्त्वं संघराज्याने ठरवायची, कँटनने, म्हणजे तिथल्या राज्याने, दिशादर्शक आराखडा करून संघ सरकारकडून मंजूर करून घ्यायचा, आणि भूखंडनिहाय आराखडा बहुतेक ठिकाणी गावाने करायचा. बांधकामाचं क्षेत्र पुढच्या १५ वर्षांच्या गरजेपुरतंच असावं, हेही त्यात होतं. प्रत्यक्षात अनेक गावांनी गरजेच्या कितीतरी पट जमीन बांधकामासाठी रंगवून ठेवली. गावाच्या जागी उभं राहून पाहिलं तर यात चूक काहीच नाही. नवी कुटुंबं आली की गावाचा कर वाढतो, शाळा टिकते, जमीनमालक खूश. सगळ्या गावांनी मिळून देशाचं जे केलं ते मात्र कुणालाच नको होतं: जिकडे पाहावं तिकडे विखुरलेली घरं. शेवटी ३ मार्च २०१३ ला देशभर मतदान झालं आणि ६२.९ टक्के लोकांनी कायदा कडक करायच्या बाजूने कौल दिला. जादा क्षेत्रं कमी करा, आणि कँटनचा सुधारित आराखडा मंजूर होईपर्यंत बांधकामाचं एकूण क्षेत्र वाढवू नका, असं ठरलं. आपल्या गावात जास्त जमीन रंगवणारा आणि देशाच्या मतदानात ती कमी करा म्हणणारा, कितीतरी ठिकाणी एकच माणूस असणार. त्याला दोन्ही जागी खरं बोलता आलं ते मतदान दोन पातळ्यांवर होतं म्हणून.

म्हणून तुमच्या मताशी मी निम्मी सहमत आहे. पाणी कुठे साठतं हे तुम्हालाच माहीत. पण तेच पाणी पुढे कुणाच्या दारात जाईल, हे तुम्हाला तुमच्या अंगणातून दिसत नाही.

भाडेकरू

खिडकीताईंचं उत्तर आवडलं, पण त्या निम्म्यावर थांबल्या. मी पुढे जातो. पायवाटताई, राग मानू नका.

सुनावणीला येतो तो तिथे आधीपासून राहणारा. जो तिथे राहायला येऊ शकला असता, तो येत नाही, कारण त्याला अजून तो पत्ताच नाही. गेल्या सात वर्षांत मी पाच घरं बदलली. माझी हरकत कुठल्या खिडकीवर द्यायची? ज्या भागात मला घर परवडलं नाही, तिथल्या आराखड्यावर बोलायचा हक्क मला कुठेच मिळाला नाही.

अमेरिकेतल्या न्यूजर्सी राज्यात हा प्रश्न न्यायालयात गेला होता. माउंट लॉरेल नावाच्या गावाने नियम असे आखले होते की मोठ्या भूखंडावरची महागडी घरंच बांधता यावीत. गरीब माणसाला बंदी आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजच पडली नाही. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वाढत्या गावाने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी संपूर्ण परिसराच्या गरजेतला आपला वाटा उचललाच पाहिजे. गावाला वापर ठरवायचा अधिकार राज्याकडून मिळालाय, मग तो राज्यातल्या सगळ्या लोकांच्या भल्यासाठी वापरायला हवा, हा त्यामागचा विचार. मला तो फार मोलाचा वाटतो. पण गावं सहजासहजी बधली नाहीत. पुढे १९८५ मध्ये राज्याला त्यासाठी कायदा करावा लागला.

जपानमध्ये वापर क्षेत्रांचे प्रकार देशाच्या कायद्यानेच ठरवलेले आहेत. आज ते १३ आहेत. कुठल्या जागी कुठला प्रकार लावायचा ते स्थानिक संस्था ठरवते, पण "आमच्याकडे फक्त मोठे बंगले" असा स्वतःचा चौदावा प्रकार ती काढू शकत नाही. आणि सगळ्यात कडक निवासी प्रकारातसुद्धा घराला लागून छोटं दुकान चालतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०१९ मध्ये कायदा केला, की दहा हजारांवर लोकसंख्या असलेल्या शहरात जिथे एका कुटुंबाचं घर बांधता येतं तिथे जोडघरही बांधता आलं पाहिजे. हे एखादं शहर एकट्याने आपणहून करायला सहसा धजावत नाही, कारण शेजारच्या शहराने केलं नाही तर सगळी गर्दी आपल्याकडे येईल ही भीती. राज्याने एकदम सगळ्यांना सांगितलं, त्यामुळे ती भीती उरली नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं: किमान किती घरं बांधू द्यायची हे वर ठरावं, ती कुठे आणि कशी हे खाली. माळावर पाणी साठत असेल तर तिथे घरं नकोत, मान्य. पण मग तितकीच घरं तुमच्याच भागात दुसरीकडे कुठे, हेही त्याच अर्जात लिहा.

वकिली_वही

भारताच्या राज्यघटनेतली वाटणी थोडक्यात सांगतो, म्हणजे तुलना पूर्ण होईल. सातव्या अनुसूचीत जमीन हा राज्यसूचीतला विषय, नोंद १८. स्थानिक शासनही तिथेच, नोंद ५. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यातल्या १८ विषयांपैकी पहिला नगर नियोजनासह नागरी नियोजन, दुसरा जमीन वापर आणि इमारतींच्या बांधकामाचं नियमन. वाचून वाटतं की अधिकार नगरपालिकांकडे आला. पण कलम २४३ डब्ल्यू म्हणतं की राज्य विधिमंडळ हे अधिकार देऊ 'शकेल'. द्यावेच लागतील असं नाही. त्या एका क्रियापदात सगळं अडकलंय. गावं आणि शहरं यांचे आराखडे एकत्र आणण्यासाठी जिल्हा नियोजन समिती, आणि दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रांसाठी महानगर नियोजन समिती, अशी तरतूदही त्याच दुरुस्तीत आहे.

जमीन हा केंद्राच्या सूचीतला विषय नाही, तरी जंगल आणि समुद्रकिनारा आला की केंद्र येतंच. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन इतर कामासाठी वापरायला केंद्राची पूर्वमंजुरी लागू लागली. किनाऱ्यासाठी १९९१ ची अधिसूचना निघाली, तिचा आधार १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. म्हणजे नियोजनाचा अधिकार नसतानाही दुसऱ्या विषयाच्या वाटेने वापरावर बंधन घालता येतं. इतर देशांतही वरच्या सरकारचा हात बहुतेक वेळा याच वाटेने पोहोचतो: पर्यावरण, महामार्ग, संरक्षण आणि अनुदानाच्या अटी. पायवाटताईंच्या माळाच्या कडेची रेघ आली ती याच वाटेने.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. भाडेकरू, राग अजिबात नाही. तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी उठून नकाशा काढला. माळाच्या पलीकडे, रस्त्याला लागून, एक उंचावरची पडीक जागा आहे. ती आराखड्यात गोदामांसाठी ठेवली आहे. तिथे पाणी थांबत नाही. हे मी हरकतीत लिहिलं नव्हतं, सुचलंच नाही.

खिडकीताई, एक विचारू? वस्ती कुठे वाढावी ते प्रादेशिकवाल्यांकडे, रंग स्थानिकांकडे, रस्ता वरच्यांकडे. मग पाणी कुणाकडे आहे? तिन्हीकडे मी पाण्याचंच बोलत होते आणि तिघंही मला वस्ती, रंग आणि रस्त्याचं उत्तर देत होते.

तिसरी_खिडकी

पायवाट, तुमचा हा प्रश्न तुमच्या पहिल्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. तो वाचून दोन दिवस मी लिहू शकले नाही.

आधी एक कबुली. त्या नऊ वर्षांत मी कितीतरी अर्जांवर "विषय या कार्यालयाच्या अधिकारात नाही" असा शेरा मारला. शेरा नियमाला धरून होता. पण मग तो विषय कुणाच्या अधिकारात आहे, हे मी अर्जदाराला सांगितलं नाही, आणि अर्ज त्या कार्यालयाकडे पाठवलाही नाही. तसं करायला मला कुणी मनाई केलेली नव्हती. एका पावसाळ्यात, ज्या जागेबद्दलच्या अर्जावर मी तोच शेरा मारला होता, तिथे तळमजल्यांत पाणी शिरल्याचं कळलं. मी फाईल काढून पाहिली. अर्जाला हाताने काढलेला नकाशा जोडलेला होता, त्यावर पाण्याची रेषा निळ्या पेनाने दाखवलेली, आणि ती जवळजवळ अचूक होती.

पातळ्या वाटून घेतात तेव्हा वाटणी होते ती आधीच नाव असलेल्या गोष्टींची. रस्त्याला खातं आहे, घराला नियमावली आहे. दहा दिवस साठून मुरणाऱ्या पाण्याला बहुतेक ठिकाणी ना खातं ना नकाशावर रंग. ते कुठल्याही हद्दीत बसत नाही, उतार असेल तसं जातं.

नेदरलँड्समध्ये हे फार आधी कळलं, कारण त्यांना कळून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिथे केंद्र, प्रांत आणि नगरपालिका यांच्या जोडीला पाण्यासाठी स्वतंत्र शासनसंस्था आहेत, आज २१. त्यांच्या निवडणुका होतात, त्या स्वतःचा कर लावतात, आणि काहींची मुळं १३व्या शतकात जातात. त्यांची हद्द पाण्याच्या वाटांवरून आखलेली आहे, शहरांच्या सीमांवरून नाही. २००३ पासून तिथे आराखड्यासाठी पाण्याची तपासणी कायद्याने बंधनकारक झाली. रंग ठरवायच्या आधी पाणीवाल्यांशी बोलायचं आणि त्यांच्या म्हणण्याचं काय केलं ते आराखड्यात लिहायचं. नकाराधिकार त्यांना नव्हता. पण मत लेखी मागवावं लागतं आणि लेखी उत्तर द्यावं लागतं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, हे मी कार्यालयात बसून शिकले आहे. १ जानेवारी २०२४ पासून तिथे २६ कायदे एकत्र करून एकच पर्यावरण व नियोजन कायदा लागू झाला. पाण्याचं हित विचारात घ्यायची जबाबदारी त्यातही ठेवलेली आहे.

इंग्लंडमध्ये अशी चौथी पातळी नाही, पण एक कडी आहे. पूरप्रवण भागातल्या मोठ्या बांधकामाला पर्यावरण संस्थेची हरकत असेल आणि तरीही स्थानिक परिषदेला परवानगी द्यायची असेल, तर परवानगीआधी तिला मंत्र्याला कळवावं लागतं. मंत्री दर वेळी हस्तक्षेप करतोच असं नाही. तरी "मला माहीत नव्हतं" हे वाक्य कुणालाच उरत नाही.

आता तुमच्या माळाचं. नवी हरकत लिहा, पण विरोधाची नको, पाण्याची. तीन प्रती करा आणि तिन्ही कार्यालयांना एकाच दिवशी द्या. प्रत्येक प्रतीवर बाकी दोघांची नावं ठळक लिहा. मजकूर एकच, प्रश्न मात्र वेगवेगळे. प्रादेशिकवाल्यांना विचारा: वाढीची ही दिशा ठरवताना जमिनीचे चढउतार पाहिले होते का, आणि आराखड्याचा फेरविचार कधी आहे? ती तारीख लिहून घ्या, तुमचा खरा दरवाजा तोच आहे. स्थानिकांना विचारा: माळ आणि पलीकडची उंच पडीक जागा यांचे वापर आपापसांत बदलता येतील का? घरांची संख्या तेवढीच राहते, त्यामुळे प्रादेशिक आराखड्याशी विसंगती होत नाही. भाडेकरूंनी सुचवलेला हा मुद्दा तुमच्या अर्जातला सगळ्यात भक्कम आहे. आणि रस्तेवाल्यांना फक्त एवढंच: भराव टाकून रस्ता उंच केलात तर माळाचं पाणी कुठून निघणार? मोऱ्यांची संख्या आणि जागा लेखी मागा. भरावाचा प्रश्न त्यांना टाळता येत नाही, तो त्यांच्याच कामाचा भाग आहे.

फोटोंवर तारखा हव्यात आणि प्रत्येक फोटोत न हलणारी एखादी खूण हवी: विजेचा खांब, पायरी, कुंपणाचा दगड. पाणी खुणेपासून किती वर हे त्यामुळे मोजता येतं. खूण नसलेला फोटो कुठल्याही माळाचा असू शकतो.

भाडेकरू

एक भर घालू? ३१ सह्यांत भाड्याने राहणारे किती आहेत ते पाहा. नसतील तर त्यांच्याकडेही जा. पाणी शिरलं तर तळमजल्यावर बहुधा तेच असतील.

पायवाट

आज दिलं. सह्या आता ४४ झाल्या आहेत, नव्या १३ पैकी नऊ भाडेकरूंच्या. त्यांच्यातल्या एका मुलीकडे मागच्या पावसाळ्याचा व्हिडिओ होता, त्यात विजेचा खांब आणि त्यावरचा क्रमांक दोन्ही दिसतात.

स्थानिक कार्यालयाने पोच दिली. प्रादेशिकमध्ये फेरविचाराची तारीख लगेच सांगता आली नाही, पण पत्राने कळवतो म्हणाले. रस्त्याच्या कार्यालयात आवक नोंदणाऱ्या बाईंनी अर्ज चाळला आणि विचारलं, "हे बाकी दोघांनाही दिलंय का?" मी दोन्ही पोचपावत्या दाखवल्या. त्यांनी दोन्हींचे आवक क्रमांक आपल्या नोंदवहीत माझ्या अर्जाच्या ओळीत लिहून घेतले आणि मग शिक्का मारला.